खाटेभोवती : एका नाट्यप्रकल्पाच्या नोंदी

३ जून

आजपासून ही वही. प्रकल्प असा आहे: घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणारी माणसं आणि आम्ही रंगकर्मी, दोघांनी मिळून एक नाटक बसवायचं. आमच्या बाजूने दिग्दर्शक, दोन अभिनेत्री (एक ज्येष्ठ, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, दुसरी नुकतीच शिकून आलेली), एक नट, प्रकाशयोजनाकार आणि मी. संहिता मी लिहायची, नोंदी मी ठेवायच्या. त्यांच्या बाजूने नऊ जण तयार झालेत. कुणी आईला बघतं, कुणी नवऱ्याला, एक काका त्यांच्या थोरल्या भावाला.

एक नियम पहिल्याच बैठकीत ठरला. खोलीत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय संहितेत जाणार नाही आणि दिलेली परवानगी पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत परत घेता येईल. दिग्दर्शकाने विचारलं, "आदल्या दिवशी कुणी मागे घेतली तर?" ताई म्हणाल्या, "तर आदल्या रात्री तालीम." नियम तसाच राहिला.

समाजासाठी नाटक, लोकांचं नाटक, हे शब्द आमच्या क्षेत्रात फार सहज बोलले जातात. या प्रकल्पात मला एक सरळ प्रश्न लावून पाहायचा आहे: हे नाटक बदलायचा हक्क कुणाकुणाला आहे? ज्याच्या "हे असं नसतं" म्हणण्याने प्रवेश बदलावा लागतो, तो माणूस आमच्यातला. ज्याचं ऐकून आम्ही मान डोलावतो आणि प्रवेश तसाच ठेवतो, तो पाहुणा. पुढचे दोन महिने ही कसोटी लावत राहणार.

६ जून

आज फक्त आम्ही रंगकर्मी बसलो. ज्याने त्याने सांगायचं की आपल्याला सुचतं कधी.

नट म्हणाला, एकट्याने पाठांतर करताना. वाक्य शंभर वेळा तोंडात घोळलं की त्याचा एक वेगळाच कोपरा दिसतो. धाकटी अभिनेत्री म्हणाली, भीती वाटली की. ताईंचं उत्तर मी जसंच्या तसं लिहून घेतलं: "मला सगळ्यात जास्त सुचतं ते समोरच्याचं वाक्य पडलं की. तो गडबडलाय, त्याला सावरायचंय, प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही. त्या तीन सेकंदांत मी जे केलंय ते घरी बसून मला कधीच सुचलं नसतं."

प्रकाशयोजनाकार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्याला नेहमी शेवटच्या दोन दिवसांत बोलावतात. नाटक बसलेलं असतं, हालचाली ठरलेल्या असतात, त्याने फक्त दिसेल असं करायचं. "मला सुचलेलं कुणाला सांगायची वेळच येत नाही. नेपथ्य उभं झालेलं असतं." तो या प्रकल्पात पहिल्या तालमीपासून बसणार आहे. हे मागणं त्याला इतकी वर्षं काम केल्यावर करावं लागलं, याचं मला वाईट वाटलं. नाटक ही समूहाची कला आहे असं आपण सगळीकडे सांगतो, आणि समूहातल्या अर्ध्या लोकांना निर्णय झाल्यावर बोलावतो.

८ जून

आजचा सगळा वेळ वेळापत्रकात गेला, आणि तो जायलाच हवा होता. आम्ही सवयीने संध्याकाळची साडेसहाची तालीम धरून चाललो होतो. नऊपैकी सहा जणांना ती वेळ अशक्य. सातला औषधं, त्याआधी नळीतून भरवणं, त्यानंतर अर्धा तास रुग्णाला टेकून बसवून ठेवणं. दुपारी दोन ते चार हीच एक फट. तीसुद्धा कुणीतरी घरी थांबलं तरच.

मग ताईंनी प्रस्ताव मांडला की ज्या दिवशी ज्या कलाकाराची तालीम नाही, त्याने एकेका घरी जाऊन बसायचं. तिथे शुश्रूषा करायची नाही, त्याचं शिक्षण आपल्याकडे नाही. फक्त माणूस म्हणून हजर राहायचं आणि काही लागलं तर फोन करायचा. दोन घरांनी हो म्हटलं. बाकीच्यांनी आपापसात पाळ्या लावल्या: आज तू तालमीला जा, मी दोन्ही घरं बघते. म्हणजे नाटकाची पहिली ओळ लिहिण्याआधी त्यांच्यात एक नवी व्यवस्था उभी राहिली. पूर्वी या बायका एकमेकींना फक्त दवाखान्याच्या बाकावर भेटायच्या.

११ जून

पहिली कार्यशाळा. सुरुवात खेळांनी.

नाट्यखेळांचा जो साठा आज जगभर वापरला जातो त्यातला मोठा भाग अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्याकडून आला. त्या आधी शिकागोच्या हल हाउस या समाजकेंद्रात नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली खेळांतून शिकवणं शिकल्या आणि पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी करमणूक प्रकल्पात नाट्यविभाग सांभाळताना त्यांनी स्थलांतरितांच्या मुलांबरोबर, मोठ्यांबरोबर हे खेळ घडवले. म्हणजे नटांच्या प्रशिक्षणाची ही हत्यारं मुळात नट नसलेल्यांसोबत तयार झाली आहेत. हे मी आज मुद्दाम सांगितलं, कारण खोलीत "आम्हाला काय येतंय नाटकातलं" हे वाक्य सारखं ऐकू येत होतं.

आरशाचा खेळ छान रंगला. समोरच्याच्या हालचाली हुबेहूब टिपायच्या. या लोकांचं निरीक्षण आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी तयार आहे. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या भुवईवरून तहान ओळखणाऱ्यांना आरशाचा खेळ काय अवघड?

पुढचा खेळ डोळे मिटून चालण्याचा. कुणीच डोळे मिटेना. शुश्रूषा करणाऱ्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "मी रात्री पण नीट मिटत नाही." दुसऱ्यांच्या हातात मोबाइल घट्ट धरलेला, घरून फोन येईल म्हणून. दिग्दर्शकाने खेळ तिथेच बदलला: डोळे उघडे, मोबाइल हातात, आणि जोडीदाराच्या श्वासावर चालायचं. तो थांबला की थांबायचं. या बदललेल्या खेळातून नाटकाची चाल सापडेल असं मला वाटतंय.

१५ जून

आजची नोंद लांब होणार.

उत्स्फूर्त प्रवेश सुरू होता. ताई खाटेवर, धाकटी अभिनेत्री त्यांची मुलगी. ठरलेलं एवढंच की मुलगी आईला कुशीवर वळवते आणि वळवताना बोलते. ती पुढे आली, ताईंच्या खांद्याला दोन्ही हात लावून ओढू लागली. मागे बसलेल्या मावशी, नवऱ्याला गेली कित्येक वर्षं बघतात त्या, एकदम उभ्या राहिल्या. "अगं, असं नाही. तिचा खांदा निखळेल आणि तुझी कंबर जाईल."

त्यांनी येऊन दाखवलं. आधी खाटेच्या ज्या बाजूला वळवायचंय त्या बाजूला उभं राहायचं. रुग्णाला सांगायचं: "आता तुम्हाला माझ्याकडे वळवते हं." पलीकडचा हात छातीवर आडवा. अलीकडचा हात जरा बाजूला, नाहीतर अंगाखाली दबतो. पलीकडचा गुडघा दुमडायचा, तळवा गादीवर. मग एक हात पलीकडच्या खांद्यामागे, एक पलीकडच्या कमरेमागे. आपले गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. आणि ओढायचं नाही. आपलं वजन मागे न्यायचं, माणूस आपोआप आपल्याकडे येतो. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, घोटे एकमेकांवर घासत नाहीत ना ते बघायचं. चादरीची चुणी राहिली तर तिथेच कातडं लाल होतं. साधारण दर दोन तासांनी हे सगळं. रात्रीसुद्धा.

ताई मावशींच्या हातात होत्या. वळून झाल्यावर त्या काही क्षण तशाच पडून राहिल्या आणि मग उठून म्हणाल्या, "मला वळवलंय हे कळलंच नाही. चाळीस वर्षं रंगमंचावर मला उचललंय, ढकललंय, झेललंय. असं कुणी धरलं नव्हतं."

दिग्दर्शकाने तीच कृती नऊही जणांकडून करून घेतली, एकामागून एक, काही न बोलता. प्रत्येकाची वेगळी. काका वळवताना तोंडाने "हं, हं" असा ठेका धरतात. एक मुलगा, बँकेत नोकरीला आहे, तो आधी स्वतःच्या दोन्ही हातांचे तळवे चोळून गरम करतो. त्याला विचारलं का, तर म्हणाला की बाबांना गार हात लागला की ते दचकतात आणि दचकले की अंग ताठ होतं.

मी एवढी वर्षं लिहितोय. तळवे चोळण्याची ही कृती मला टेबलाशी बसून कधीही सुचली नसती, आणि त्या मुलाला ती आपल्याला "सुचली" आहे असं वाटतही नव्हतं. सर्जनशीलतेबद्दल आपण ज्या सभा-चर्चा करतो त्यांत प्रतिभा, प्रेरणा, आतला आवाज हे सगळं येतं. इथे एका माणसाच्या अंगाला समोरच्या अंगाने सतत उत्तर मागितलं, आणि त्या उत्तरातून एक नवी कृती तयार झाली. ताई वाक्य पडण्याबद्दल सांगत होत्या ते आणि हे, माझ्या लेखी एकाच जातीचं आहे.

हाच नाटकाचा कणा. नऊ कुशी.

१६ जून

दिग्दर्शक आणि मी बराच वेळ भांडलो. त्याला ती हालचाल अधिक मोठी, लयीत, संगीतावर हवी आहे; मागच्या रांगेपर्यंत पोहोचली पाहिजे म्हणतो. माझं म्हणणं की मोठी केली की ती नाच होईल. प्रश्न मावशींकडे नेला. त्या म्हणाल्या, "मोठी करा, पण गुडघा आधी दुमडा. क्रम चुकवू नका, बघणाऱ्यांत कुणी शिकून घरी जाईल." विषय संपला. मोठी होणार, क्रम तोच राहणार.

२२ जून

पावसाने तीनच जण आले. मग तालमीऐवजी वाचन. मी नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय घेऊन गेलो होतो, नाट्याच्या जन्माची कथा सगळ्यांनी ऐकावी म्हणून.

कथेचा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो: चार वेदांमधून एकेक अंश घेऊन ब्रह्मदेवाने पाचवा वेद केला आणि भरताच्या हवाली केला. पुढचा भाग कमी सांगितला जातो. पहिला प्रयोग इंद्राच्या ध्वजोत्सवात झाला. विषय काय, तर देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. प्रेक्षकांत दैत्यही बसलेले. आपला पराभव असा दाखवला जातोय हे बघून ते खवळले आणि विघ्न या दुष्ट शक्तींच्या साथीने त्यांनी नटांची वाणी, हालचाल, स्मरणशक्ती सगळं थिजवून टाकलं. इंद्राने ध्वजाचा दंड घेऊन त्यांना झोडपलं, पुढे ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतलं, त्याच्या कानाकोपऱ्यावर रक्षणाला देवता नेमल्या. आणि मग ब्रह्मदेव दैत्यांशी बोलायला बसला. म्हणाला की हे फक्त देवांचं नाही, तुमचंही आहे. त्रैलोक्याचं अनुकीर्तन आहे, म्हणजे तिन्ही लोकांत जे घडतं ते पुन्हा मांडणं.

काकांनी लगेच विचारलं, "मग दुसरा प्रयोग बदलला का?"

कथेनुसार पुढे नाट्यगृहाची पूजा होते, नंतर समुद्रमंथनाचं नाटक होतं. त्यात देव आणि दैत्य दोघंही दोरीला लागलेले असतात, हे काकांच्या लक्षात आलं आणि ते समाधानाने मागे टेकून बसले. मला मात्र तो प्रश्न पुरून उरला. आपल्या परंपरेत नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाला, ज्यांच्याबद्दल नाटक होतं त्यांनी हरकत घेतली. नाट्यगृहाच्या भिंती त्या हरकतीनंतर उभ्या राहिल्या. भिंत बांधायची की बोलायला बसायचं, हे दोन्ही पर्याय पहिल्या दिवसापासून आपल्यासमोर आहेत.

२९ जून

फोरम थिएटरचा, म्हणजे प्रेक्षकांनी वर येऊन प्रवेश बदलून पाहायचा, भाग आजपासून. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी ही पद्धत घडवली. १९७१ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना पकडून छळलं, मग देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूत साक्षरता मोहिमेत काम करताना या पद्धतीला आकार आला. आधी ते प्रेक्षकांकडून सूचना घ्यायचे आणि नट त्या करून दाखवायचे. त्यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट अशी की एका बाईची सूचना नटांनी पुन्हा पुन्हा करून पाहिली, तरी "मी म्हणतेय ते हे नाही" असंच ती म्हणत राहिली. शेवटी बोआल म्हणाले, तूच ये. ती रंगमंचावर चढली, आणि तिथून प्रेक्षकाने पात्राची जागा घ्यायची रीत पडली. पुढे रिओच्या नगरपालिकेत निवडून आल्यावर, १९९३ ते १९९६ या काळात, त्यांनी याच पद्धतीने लोकांकडून कायद्याचे मसुदे काढले. त्यातले तेरा मंजूर झाले.

आमचा प्रवेश साधा. मुलगी आईला बघते. दूरगावी असलेल्या भावाचा व्हिडिओ कॉल येतो. तो म्हणतो, "तिला जरा बसवत जा गं, सारखी झोपवून ठेवू नकोस." या वाक्याला खोलीत इतका मोठा हुंकार उठला की नटाला पुढचं वाक्य उचलता येईना. प्रत्येकीच्या घरात हे वाक्य कुणीतरी बोललेलं आहे.

मग जागा बदलायला सुरुवात. दिग्दर्शक जोकर म्हणून मधे उभा, आपल्याकडचा सूत्रधारच म्हणा, फक्त हा गोष्ट पुढे नेण्याऐवजी अडवतो. पहिली बाई उठली, मुलीच्या जागी गेली, भावाला चांगलं झापलं आणि फोन कापला. टाळ्या पडल्या. जोकरने विचारलं, "हे घरी जमेल?" टाळ्या थांबल्या. "उद्या फोन येणारच की."

दुसरे उठले ते काका. त्यांनी फोन खाटेच्या उशीला टेकवून ठेवला, कॅमेरा आईकडे. म्हणाले, "बोल तू तिच्याशी. मी अंघोळ करून येते." आणि विंगेत निघून गेले.

आता नट अडकला. समोर ताई, डोळे अर्धे मिटलेले, श्वास चालू. "आई... काय म्हणतेस?" काही नाही. "जेवलीस?" काही नाही. तो नट वीस वर्षं काम करतोय, वाटेल तिथून वाक्य काढू शकतो. आज त्याच्याकडे खरोखर काही नव्हतं. त्याने हवामानाचं काढलं, नोकरीचं काढलं, मग नुसता बघत राहिला. काका परत यायचं नाव घेईनात. शेवटी भाऊच म्हणाला, "मी... पुढच्या महिन्यात येतो."

जोकरने विचारलं, जमेल? सगळ्या म्हणाल्या, करून बघते.

तालमीनंतर नट मला म्हणाला की आज त्याला रागच आला होता, कारण काकांनी त्याच्याकडून प्रवेश काढून घेतला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण भाऊ मला आजच कळला." आधी तो भावाला खलनायक करत होता. काकांनी त्याला बदलायला भाग पाडलं.

४ जुलै

बँकेतल्या मुलाने गोष्ट मागे घेतली.

त्याची गोष्ट अशी होती की... नाही, इथेही लिहीत नाही. नियम वहीलाही लागू आहे. एवढंच की तो आमचा सर्वांत ताकदीचा प्रवेश होता, झोपेबद्दलचा. त्याच्या बहिणीने प्रयोगाला यायचं ठरवलंय आणि तिने ते असं, लोकांत बसून ऐकावं हे त्याला नको आहे.

दिग्दर्शकाला फार लागलं. त्याने एकदा विचारून पाहिलं की नावगाव बदललं तर चालेल का. मुलगा म्हणाला, "तिला कळेल." दिग्दर्शक हो म्हणाला, प्रवेश काढला, आणि त्या दिवशी तालीम लवकर सोडली.

मला अशा वेळी केनियातल्या कामिरिथूची आठवण येते. १९७७ मध्ये न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी तिथल्या गावकऱ्यांसाठी गिकुयू भाषेत नाटक लिहिलं. संहिता गावासमोर वाचली गेली आणि गावकऱ्यांनी भाषा दुरुस्त केली, तपशील दुरुस्त केले, म्हातारी माणसं असं बोलत नाहीत म्हणून वाक्यं बदलायला लावली. उघड्यावरचं नाट्यगृहही त्यांनीच श्रमदानातून उभारलं. प्रयोग तुफान चालले आणि काही आठवड्यांत सरकारने परवाना काढून घेतला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगी वा थिओंगो यांना स्थानबद्ध केलं गेलं. १९८२ मध्ये ते नाट्यगृह जमीनदोस्त करण्यात आलं. सत्तेला झोंबेल असा मजकूर तर नाटकात होताच. पण भीती वाटण्यासारखी गोष्ट माझ्या मते तीही होती, की शेतमजूर आणि कारखान्यातले कामगार एका संहितेवर हक्काने बोट ठेवून "हे बदला" म्हणत होते. ती सवय एकदा लागली की नाटकापुरती राहत नाही.

आमचा प्रसंग त्यापुढे अगदी घरगुती. तरी तत्त्व तेच. बदलायचा हक्क दिला की तो आपल्याला नको असेल तेव्हाही चालतो.

७ जुलै

प्रवेश गेला, तिथे काय? सगळ्यांना विचारलं: झोपेबद्दल एकच वाक्य द्या, कुणाचं आहे हे कुणाला कळणार नाही असं. चिठ्ठ्या आल्या. "बसमध्ये लागते तीच खरी." "डॉक्टरांच्या खोलीबाहेर." "ते दवाखान्यात होते तेव्हा मी घरी आले, झोपले, आणि उठल्यावर स्वतःचाच राग आला." शेवटचं वाक्य तीन चिठ्ठ्यांवर होतं, वेगवेगळ्या शब्दांत.

आता प्रवेश असा: नऊ जण उभे, मावशींच्या क्रमाने कूस वळवण्याची हालचाल करतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याच्या चिठ्ठीतलं वाक्य. बँकेतला मुलगाही त्यात आहे. दिग्दर्शक म्हणतो की हा आधीच्यापेक्षा चांगला बसलाय. मला खात्री नाही. आधीचा जास्त धारदार होता, हा जास्त रुंद आहे. पण हा सगळ्यांचा आहे आणि यात कुणाला घरी जाऊन उत्तर द्यावं लागणार नाही, म्हणून मी याच्या बाजूने आहे.

१२ जुलै

प्रकाशयोजनेचा दिवस. रात्र कशी दाखवायची? निळा प्रकाश, असं आमच्याकडून ठरल्यासारखं उत्तर आलं. प्रकाशयोजनाकाराने सगळ्यांना विचारलं, तुमच्या खोलीत रात्री काय दिसतं. कुणाकडेच अंधार नसतो. झिरोचा दिवा, हवेच्या गादीच्या पंपावरचा हिरवा ठिपका, दाराखालून येणारा दिवाणखान्यातला पट्टा, वेळ बघायला उघडलेला मोबाइल. त्याने निळे फिल्टर काढून ठेवले. रात्रीच्या प्रवेशात आता तो हिरवा ठिपका आणि दाराखालचा पट्टा, एवढंच. चेहरे मोबाइलच्या उजेडात दिसतील, आणि तो उजेड पात्राच्या हातात असेल. म्हणजे कुणाला कधी दिसायचं हे काही अंशी त्या पात्राने ठरवायचं.

फोरमच्या भागात प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण चालू ठेवावेत हेही त्यानेच सुचवलं. बादल सरकार यांनी तिसऱ्या रंगभूमीत हेच केलं होतं: प्रेक्षक आणि नट एकाच उजेडात, एकमेकांना दिसणारे. व्यवसायाने नगररचनाकार असलेल्या या नाटककाराने स्वतः गाजत असताना चौकटीचा रंगमंच सोडला, तो या समोरासमोर बसण्यासाठी. प्रकाशयोजनाकाराने "दिवे लावूनच ठेवा" म्हणणं, हे मी आजवर ऐकलं नव्हतं.

१९ जुलै

श्रेयनामावली. वाटलं होतं दहा मिनिटांत होईल. दोन तास लागले.

दिग्दर्शकाचं म्हणणं की "दिग्दर्शन" हा शब्द राहावा, कारण निर्णय कुणीतरी घेतलेत आणि त्यांची जबाबदारीही कुणाची तरी आहे. मला पटतं. फ्रान्समधल्या थिएतर द्यु सोलेयचं उदाहरण आमच्यात नेहमी निघतं: १९६४ मध्ये सहकारी तत्त्वावर स्थापन झालेली संस्था, सगळ्यांना सारखं वेतन, सामूहिक निर्मिती. पण तिथेही आरियान म्नुश्किन दिग्दर्शक म्हणून ठामपणे उभ्या राहिल्या आहेत. सामूहिक म्हणजे बिनचेहऱ्याचं, असं कुठे आहे?

अडलं ते मावशींच्या नावावर. "हालचाल-रचना" याखाली त्यांचं नाव घालायचं आम्ही ठरवलं होतं. त्यांनी हात जोडले. "हे मी नाही शोधलं. दवाखान्यातल्या सिस्टरने शिकवलंय मला. तिलाही कुणीतरी शिकवलंच असेल." काका म्हणाले, मग तिचं नाव घाला. मावशींना आडनाव आठवेना. मुलाने विचारलं, तळवे चोळायचं कुठल्या सिस्टरने शिकवलं? कुणीच नाही, ते त्याचं स्वतःचं.

शेवटी असं ठरलं: "हालचाली : शुश्रूषा करणाऱ्या नऊ जणांच्या आणि त्यांना शिकवणाऱ्या परिचारिकांच्या." आणि संहितेखाली माझं नाव "लेखन-संकलन" असं. मला ते योग्य वाटतं. ज्या वाक्यांना हुंकार येतो त्यातली निम्मी माझी नाहीत. ती कुठे ठेवायची हे माझं आहे, आणि ते काम लहान नाही.

२८ जुलै

रंगीत तालीम. क्यू दोनदा चुकले, उशीचा अभ्रा सापडला नाही, बाकी ठीक. नऊ जणांतल्या एक बाई येऊ शकल्या नाहीत, घरी ताप. त्यांच्या जागी कुणाला उभं न करता आठच कुशी केल्या आणि नववी जागा मोकळी ठेवली. पुढेही जो येणार नाही त्याची जागा मोकळीच राहील. ही माणसं गैरहजर का असतात हे प्रेक्षकांना कळायलाच हवं. पहिल्या प्रयोगाला त्या येतील बहुतेक.

३ ऑगस्ट

पहिला प्रयोग झाला. नऊही जण होते.

आधीचा भाग जसा बसवला तसा गेला. चिठ्ठ्यांच्या प्रवेशात बँकेतल्या मुलाची बहीण दुसऱ्या रांगेत होती. नंतर ती त्याच्याशी काय बोलली ते त्यांचं त्यांना ठाऊक.

फोरममध्ये भावाचा कॉल. दोघी-तिघींनी मुलीच्या जागी जाऊन वेगवेगळे मार्ग काढले. एकीने भावाशी पैशांचं स्पष्ट बोलून घेतलं, तो भाग आम्हाला पुढे वाढवायला हवा. मग मागून एक गृहस्थ उठले. हातात काठी, डाव्या पायाने थोडे ओढत चालणारे. जोकरला वाटलं त्यांना मुलीची जागा हवी आहे. ते म्हणाले, "मला खाटेवर जायचंय."

फोरमच्या रीतीप्रमाणे ज्याच्यावर अन्याय होतोय त्या पात्राची जागा घेतात, आणि आम्ही ते पात्र मुलगी धरलेलं. दिग्दर्शक क्षणभर थांबला, मग ताईंकडे पाहिलं. ताई आधीच उठून बाजूला झाल्या होत्या.

गृहस्थ आडवे झाले. त्यांना आडवं व्हायला मावशींनी मदत केली, क्रमाने. फोन आला. भाऊ म्हणाला, "तिला जरा बसवत जा गं." मुलीने उत्तर द्यायच्या आत त्यांनी मान हळूच भिंतीकडे वळवली. मुलगी म्हणाली, "झोप आली बघ तिला." त्यांनी मान परत इकडे आणली. ती पुन्हा फोनवर बोलू लागली. त्यांनी पुन्हा मान फिरवली. तिसऱ्या वेळी धाकट्या अभिनेत्रीच्या लक्षात आलं. तिने फोन खाली ठेवला आणि विचारलं, "आई, आमचं बोलणं नको वाटतंय का?" त्यांनी डोळे मिटून उघडले.

नंतर ते उठून बसले आणि जोकरला म्हणाले की पक्षाघातानंतर कित्येक महिने त्यांना बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. मान फिरवणं हे एकच त्यांच्या हातात होतं. घरच्यांना वाटायचं, झोप येतेय.

प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं, मग घरच्यांना कसं कळलं? ते म्हणाले, "नातीला कळलं. ती लहान होती, तिने खेळ केला त्याचा. डावीकडे म्हणजे नाही, उजवीकडे म्हणजे हो."

५ ऑगस्ट

प्रयोगानंतरची बैठक. मुद्दे भराभर लिहितो.

आईचं पात्र आजवर ताईंनी फक्त श्वासावर उभं केलं होतं, आणि ते सुंदर होतं. आता त्याला हेतू आला. मान फिरवण्याची कृती संहितेत घेतोय. त्या गृहस्थांनी परवानगी दिली आहे, नातीची त्यांनी स्वतःहून विचारून घेतली. ताई म्हणतात की त्यांना पूर्ण भूमिका पहिल्यापासून बांधावी लागेल: कुठल्या वाक्याला आईला काय वाटतं, कुठे ती ऐकणं थांबवते. त्या फार उत्साहात आहेत.

फोरममध्ये आता तीन जागा बदलता येतील: मुलगी, भाऊ, आई. दिग्दर्शकाला भावाबद्दल शंका होती, कारण बोआल यांच्या मूळ पद्धतीत वरचढ पात्राची जागा सहसा बदलत नाहीत. तो जादूने चांगला झाला तर प्रश्नच उरत नाही. काकांनी सांगितलं की भाऊ म्हणून स्वतः दूर राहिलेलेही प्रेक्षकांत असतील, त्यांना वर येऊ द्या आणि काय करणार ते विचारा. एक प्रयोग असा करून पाहायचा ठरला.

आणि रुग्णांना तालमीत कसं घ्यायचं? ज्यांना येता येत नाही, त्यांच्याकडे तालीम जाईल. मावशी म्हणाल्या, त्यांच्या घरी खाटेच्या पायथ्याशी चार माणसं बसतील एवढी जागा आहे, दुपारी दोनला या. नवऱ्यांना विचारलंय, त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलंय. पुढची तालीम तिथे. मी आईच्या प्रवेशाचं नवं वाचन घेऊन जाणार. दिग्दर्शक, ताई आणि प्रकाशयोजनाकार सोबत. मोठा आवाज करायचा नाही, आणि अडीचला कूस बदलायची वेळ आहे, तेव्हा वाचन थांबवायचं.